कौतिकाचा केसपेपर

पारडीच्या नाक्यावर माझा दवाखाना.
कळमन्याकडून वारा सुटला
की बाकावरच्या सगळ्यांना एकदम ठसका लागतो.
कौतिका नंदेश्वर आत येते तेव्हा
वारा नसला तरी लागतो.
सातऱ्यावर मिरचीचे देठ खुडते ती, किलोवर पैसे.
पदराला, केसांना, कानाच्या पाळीला लाल भुकटी.

आज ती बोलली ते असं:

डॉक्टर
रातभर
बसून
होती मी

एका वाक्याला चार श्वास.
आधी मास्क लावला. वाफेत तिचा चेहरा गेला,
फक्त गळ्याखालचा खळगा दिसत राहिला,
आत ओढला जाणारा, प्रत्येक वेळी.

इस्तारीला म्हटलं, हिचे जुने कागद काढ.
त्यानं खोक्यातून काढले, धुळीवर फुंकर मारली.
किती सहज मारली.

मार्च. जून. ऑगस्ट.
दिवाळीच्या आधी, दिवाळीच्या नंतर,
आणि नाताळात दुसऱ्या कुणा डॉक्टरची चिठ्ठी.
सहा वेळा त्याच पांढऱ्या गोळ्या, पाच-पाच दिवसांच्या,
त्यातल्या पाच माझ्या अक्षरात.
निळा पंप महिन्याला दोन.
हे सगळं माझ्याच खोक्यात होतं,
फक्त एकत्र कधी मांडलं नव्हतं.
बाकावर वीस जण असतात,
तिला बरं वाटायचं, ती जायची,
मी पुढचा नंबर बोलवायचो.

मार्चच्या कागदाच्या कोपऱ्यात एक ओळ:
औषध नियमित घेत नाही.
कुणाला विचारून लिहिली होती मी?

अर्ध्या तासानं मास्क काढला.
दाखव, म्हटलं, रोजचा पंप कसा घेतेस.
मनात म्हणालो, आता सापडेल.
बहुतेकांचं इथंच सापडतं.
कुणी जिभेवर मारतो, अत्तर मारल्यासारखा.
एक म्हातारा तर टोपण न काढताच ओढायचा
आणि सांगायचा, फरक हाय डॉक्टर.

कौतिकानं तपकिरी पंप हलवला,
श्वास सोडला, जेवढा सुटला तेवढा,
दाबला, सावकाश ओढला,
डोळे मिटून दहापर्यंत बोटं मोजली,
मग चूळ भरायला पाणी मागितलं.
पिशवीतून कॅलेंडरचं पान काढलं.
सकाळची एक फुली, संध्याकाळची एक.
एकही घर रिकामं नाही.

मला तिची चूक हवी होती.
चूक असती तर इलाज माझ्या खिशात होता.

मीटरमध्ये फुंकायला लावलं, तीनदा.
काटा एकशे साठच्या पुढे सरकेना.
साडेतीनशे तरी हवा होता, एवढ्या उपचारानंतर नसला तरी
त्याच्या आसपास कुठेतरी.

ते काम सोडता येईल का, विचारलं.
‘मंग खाऊ काय, तुमचा पंप?’
हसली. हसण्यातून खोकला निघाला
आणि बराच वेळ तोच चालला.

दम धर, दम धर,
अकरा वर्षं मी हेच सांगत आलो हिला.
आणि तिनं तो धरलेलाच होता,
छातीच्या तळाशी, शिळा, गच्च.
तिला सोडता येत नव्हता.

मेडिकलच्या छातीच्या विभागाला पत्र लिहिलं.
नेहमी चार ओळी लिहितो, आज पान भरलं:
सहा तारखा, दोन रंगांचे पंप, मिरची,
रक्तातल्या त्या गुलाबी पेशी मोजा,
महिन्याची ती महागडी सुई हिला लागू पडेल का पाहा,
पडली तर कुठल्या योजनेत बसते तेही सांगा.
शेवटी लिहिलं, सगळं बरोबर करते.
खाली लिहिलं, तरीही.

मार्चच्या कागदावरची ओळ खोडली.
पेन तेच होतं की काय कोण जाणे,
शाई अगदी जुळली.

मंगळवारी जा, म्हटलं, मंगळवारीच असतो तो दवाखाना.
पत्राची घडी तिनं ब्लाउजात ठेवली,
दारापर्यंत गेली, चौकट धरून थांबली.
मला वाटलं, पुन्हा लागला.

‘मंगळवारी त
मिरचीची गाडी येते.
बुधवारी
चालत नाई का?’

इस्तारीनं पुढचा नंबर पुकारला होता.